दोन हातांचा होकार

एवान्थियाच्या नामदिनाला, तिच्या नावाच्या संताच्या सणाला, रिगानासांच्या घरात भांडण झालं नाही, असं वर्ष आठवायचं तर फार मागे जावं लागलं असतं. गेल्या वर्षी मालट्रकच्या रंगावरून झालं होतं, त्याच्या आदल्या वर्षी थोरल्या भावाचा फोटो कारखान्यात कुठे लावायचा यावरून. यंदा निदान विषय तरी नवा आहे, एवढंच एवान्थियाला समाधान होतं.

भाऊ गेल्यापासून सोड्याच्या कारखान्याचा अर्धा हिस्सा तिच्या नावावर होता, आणि उरलेला अर्धा भावाच्या दोन मुलांत, क्लिओ आणि मेनेलाओस यांच्यात, सारखा वाटलेला. त्यामुळे बहीणभावाचं बिनसलं की दोघंही आत्याशी एकदम गोड वागू लागत. आज सकाळी क्लिओ अक्रोडाचा केक घेऊन आली आणि जाता जाता म्हणाली की मेनेलाओसचं फार मनावर घेऊ नकोस. तासाभराने मेनेलाओस गार्डेनियाची कुंडी घेऊन आला आणि ताईचं फार मनावर घेऊ नकोस म्हणाला. एवान्थियाने केक कापून खाल्ला, कुंडीला पाणी घातलं आणि दोघांनाही बरं म्हणून टाकलं.

भांडणाचं मूळ होतं ‘अस्त्रापी’ नावाचा निळा डबा. हे पेय क्लिओनेच तयार केलं होतं. ती रसायनशास्त्र शिकलेली, कारखान्यातलं सगळं बनवणं तिच्याकडे. रात्री सालोनिकाला माल नेणारे ड्रायव्हर स्टिअरिंगवर झोपतात, त्यांच्यासाठी तिने दोन कप कॉफीइतकं कॅफीन घालून ते बनवलं. पण इथले, वोलोस गावचे ड्रायव्हर कॉफीच पीत राहिले. डबे गोदामात पडून राहिले. विक्री मेनेलाओसकडे होती. तो अथेन्सच्या एका जाहिरात कंपनीत बारा वर्षं घालवून परत आला होता, आणि न खपणारी वस्तू म्हणजे चुकीच्या माणसाला दाखवलेली वस्तू, असं तो तिथून शिकून आला होता. अस्त्रापीसाठी बरोबर माणूस त्याला सापडला होता. तो माणूस चौदा ते सतरा वर्षांचा होता.

अथेन्सच्या कंपनीला संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. म्हणून भरल्या टोमॅटोंची परात टेबलावर आली तेव्हा तिच्या शेजारी मेनेलाओसने टॅबलेटही उभा करून ठेवला.

“दानाई येऊ दे,” एवान्थिया म्हणाली. “आज शाळेचा पहिला दिवस आहे तिचा.”

“ती येईल गं आत्या. तिचा काय संबंध या सगळ्याशी?” असं म्हणून मेनेलाओसने सुरुवात केली.

त्याने सांगितलं की आजकालची पोरं टीव्हीसमोर बसत नाहीत, पेपर तर मासे गुंडाळायलासुद्धा घेत नाहीत. त्यांचं सगळं जग हातातल्या फोनवर. आणि त्या फोनवर जाहिरात दिसली रे दिसली की अंगठा वर सरकतो. मग करायचं काय? जाहिरात जाहिरातीसारखी दिसू द्यायची नाही. पोरांच्या आवडीची पोरं शोधायची, त्यांनी आपल्या खोलीत बसून गप्पा मारता मारता सहज निळा डबा उघडायचा. पैसे घेतल्याचा उल्लेख कुठेच करायचा नाही. शिवाय झाकणाखाली एक आकडा, तो आकडा घालून खेळायचा खेळ, आणि पुढच्या पायरीवर जायचं तर तीन मित्रांना ओढून आणायचं.

“त्यांना जाहिरात नको असते,” तो म्हणाला. “मैत्रीण हवी असते.”

“आणि ती मैत्रीण आपण विकत घ्यायची,” क्लिओ म्हणाली.

ती पुढे बोलू लागली तशी तिच्या मानेवर लाल चट्टे उठले. चौदा वर्षांच्या मुलाने दोन डबे प्यायले तर रात्री झोप येणार नाही, छाती धडधडेल. तिने ते चाळीस वर्षांच्या, नव्वद किलोच्या माणसासाठी बनवलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. पांतेलिस गावातल्या शाळेत इतिहास शिकवायचा. रोज दीडशे पोरं पाहणारा माणूस, तो तरी आपल्या बाजूने बोलेल याची तिला खात्री होती.

पांतेलिसने टोमॅटोतला भात काट्याने विनाकारण उकरला. मग तो म्हणाला की मुलं हल्ली काहीतरी पिणारच, मग ते निदान आपल्या गावचं असलेलं बरं.

क्लिओला क्षणभर काही कळेना. मग कळलं. गेला महिनाभर पांतेलिस वर्गाला वेर्गीनाच्या राजांच्या थडग्यांवर सहलीला न्यायचं म्हणत होता, आणि शाळेकडे बससाठी पैसे नव्हते.

“बस कोणत्या रंगाची ठरली आहे?” तिने विचारलं.

“निळी,” पांतेलिस कबूल झाला.

एवान्थिया हसली आणि तिला ठसका लागला. मेनेलाओसने दाजींच्या पेल्यात त्सिपुरोची दारू ओतली. दोन विरुद्ध एक झालं होतं, आणि पांतेलिसचा हिस्सा नसला तरी वजन होतं.

इतक्यात दानाई आली. मेनेलाओसची ही एकुलती एक मुलगी, पंधरा वर्षांची. शाळेच्या पहिल्या दिवशी पाद्रीबाबा तुळशीची जुडी बुडवून सगळ्यांवर पाणी शिंपडतात. दानाई पहिल्या रांगेत उभी असावी, कारण तिची झुलपं अजून ओली होती. तिने एवान्थियाला दोन्ही गालांवर पापे दिले, शंभर वर्षं जग म्हणाली, आणि “शंभर म्हणजे आता फार नाही उरली गं,” असं उत्तर मिळाल्यावर तिच्या शेजारी बसून फोन मांडीवर ठेवला.

“आता खरा हुकमाचा एक्का,” मेनेलाओस म्हणाला आणि त्याने टॅबलेटवर बोट टेकवलं.

पडद्यावर दोन हात दिसले. चेहरा नाही, आवाज नाही. नखांना शेवाळी रंग, डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग. हातांनी एक बाटली उघडली, पेल्यात ओतली, पेला चौकटीबाहेर गेला, रिकामा होऊन परत आला, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: दहापैकी तीन, टूथपेस्टची चव येते.

हे ‘दोन हात’ नावाचं खातं होतं. मेनेलाओस त्याबद्दल बोलू लागला तेव्हा त्याच्या आवाजात खरीच भक्ती आली. दर रविवारी नवा व्हिडिओ. लारिसापासून कार्दित्सापर्यंत पोरं काय प्यायचं, कोणती बिस्किटं घ्यायची, हे या दोन हातांना विचारून ठरवतात. आजवर कोणाकडून छदाम घेतलेला नाही.

“मग ती तुझ्याकडून कशी घेईल?” क्लिओने विचारलं.

“घेतलेला नाही, म्हणूनच तर ती हवी. विश्वास असा तयार मिळत नाही ताई.” हे काम त्याने कंपनीवर न सोपवता स्वतःच हातात घेतलं होतं. तीन दिवस तो कंपनीच्या नावाने तिला निरोप पाठवत होता, आणि मासा गळाभोवती फिरत होता.

दानाईने पावाचा तुकडा मोडला आणि कोणाकडेही न बघता तोंडात टाकला.

तीन दिवसांपूर्वी पहिला निरोप आला तेव्हा तिने तो दोनदा वाचला होता. प्रत्येक वाक्यानंतर तीन टिंबं आणि शेवटी हसरा सूर्य. जगात असा निरोप पाठवणारा एकच माणूस होता, आणि तोच रोज सकाळी सात वाजता तिला शेजारच्या खोलीतून ‘ऊठ...’ असं पाठवायचा. पहिल्यांदा तिला हसू आलं. मग वाटलं, लगेच सांगून टाकावं. पण बाबा किती पुढे जातात हे बघायची उत्सुकता जास्त होती. ‘पैसे घेतलेत हे सांगायला लागेल का?’ असं तिने विचारलं. ‘गरज नाही... पोरं हुशार असतात... समजून घेतात,’ असं उत्तर आलं, वर सूर्य. त्या रात्री ती बाबांशी जेवताना बोलली नव्हती, आणि शाळेचं टेन्शन असेल म्हणून बाबांनी तिला आइस्क्रीम आणून दिलं होतं. ते तिने खाल्लं. त्यामुळे जास्तच राग आला.

आता तिने टेबलाखाली अंगठे चालवले.

मेनेलाओसचा फोन थरथरला. “बघा, बोलावलं आणि आली,” तो म्हणाला आणि मोठ्याने वाचू लागला. “‘तुमच्या घरात माझ्या वयाचं कोणी आहे का?’” त्याला ते फार आवडलं. किती व्यवहारी मुलगी आहे बघा, समोरचा माणूस कोण आहे ते आधी तपासते, असं तो पांतेलिसला म्हणाला, आणि दानाईकडे वळून, शिक काहीतरी, असंही म्हणाला. मग त्याने उत्तर लिहिलं, लिहिता लिहिता वाचलं: “‘आहे... माझी मुलगी...’”

फोन पुन्हा थरथरला. मेनेलाओसने उत्साहात वाचायला सुरुवात केली आणि वाक्य संपायच्या आधीच त्याचा आवाज उतरला.

“‘तिने दिवसाला किती डबे प्यायले तर तुम्हाला चालेल?’”

खाली बंदरावर स्किआथोस बेटाला जाणारी बोट भोंगा वाजवत होती.

“लिही की,” एवान्थिया म्हणाली.

ही पोरं अशीच घासाघीस करतात, किंमत वाढवायची युक्ती आहे ही, असं काहीतरी मेनेलाओस पुटपुटला. पण अंगठे चालेनात. त्याने एक वाक्य लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं, खोडलं. अनोळखी माणसाला खोटं लिहिणं आजवर त्याला कधी जड गेलं नव्हतं. त्याचे बारा वर्षांचे पगार त्यावरच झाले होते. समोर दानाई बसली होती, ओल्या झुलपांची, टोमॅटोतला बेदाणा बाजूला काढून ठेवणारी. शेवटी त्याने काहीतरी लिहिलं, पाठवलं आणि फोन पालथा ठेवला.

“काय लिहिलंस?” क्लिओने विचारलं.

“कामाचं.”

दानाईच्या मांडीवर अक्षरं उजळली. ‘तिला मी एकही देत नाही.’ टिंबं नव्हती. सूर्यही नव्हता.

हे तिच्या हिशेबात नव्हतं. बाबा आणखी एक थाप मारतील, मग आपण फोन टेबलावर आपटू, असं तिने ठरवून ठेवलं होतं. तिने थोडा विचार करून उत्तर लिहिलं.

फोन थरथरताच मेनेलाओसने झडप घातली. “होकार!” तो म्हणाला, आणि मग पुढची ओळ वाचून त्याने फोन पुन्हा पालथा ठेवला.

एवान्थिया मात्र फोनकडे बघतच नव्हती. चाळीस वर्षं ती याच टेबलावर चुलतभावांबरोबर पत्ते खेळली होती, आणि त्यातला एकही सरळ खेळणारा नव्हता. कोणाचा खांदा कधी हलतो हे तिच्या नजरेला आपोआप दिसायचं. शेजारचा खांदा हलला की समोरचा फोन वाजतो, हे तिच्या मघाशीच लक्षात आलं होतं.

“दानाई,” ती म्हणाली, “हात टेबलावर ठेव बघू.”

दानाईने फोन बाजूला ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर, मिठाच्या भांड्यापाशी ठेवले. शेजारी टॅबलेटवर तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून चालू झाला होता. शेवाळी नखं, अंगठ्यावरचा डाग. तो डाग तिला सातव्या वर्षी इस्त्रीने पडला होता, आणि तिला कडेवर घेऊन दवाखान्यात धावणारा माणूस आता आधी पडद्याकडे आणि मग टेबलाकडे बघत होता.

“पुढची ओळ काय आहे?” एवान्थियाने विचारलं.

मेनेलाओसने वाचली नाही. दानाईने सांगितली. “होकार. पण बाबांनी मगाशी लिहिलेलं वाक्य मी व्हिडिओत वाचून दाखवणार. ‘तिला मी एकही देत नाही.’”

क्लिओ हसत सुटली. डोळे पुसत ती म्हणाली की या घरात शेवटी एकाला तरी अक्कल आहे आणि ती तिच्या भाचीला आहे. भाचीच्या कौतुकात तिने टॅबलेट ओढून घेतला आणि ‘दोन हात’चे जुने व्हिडिओ बघू लागली. थोड्या वेळाने तिचं हसू थांबलं.

“रिगानास संत्रा,” तिने वाचलं. “दहापैकी पाच?”

“गोड जास्त आहे गं क्लिओआत्या. आणि संत्र्याचा वास झाकण उघडल्यावर लगेच उडून जातो.”

त्या संत्र्यावर क्लिओने दोन हिवाळे घालवले होते. ती म्हणाली की पंधरा वर्षांच्या मुलांना आम्लता म्हणजे काय कळत नाही. कोणीही उठून एका फळकुटावर पेला ठेवतो आणि अख्ख्या थेसाली प्रांताला शहाणपण शिकवतो, याला काही धरबंध हवा की नको? यावर मेनेलाओसनेही मान डोलावली, आणि जेवायला बसल्यापासून पहिल्यांदाच बहीणभाऊ एका बाजूला आले. पांतेलिसला मात्र आता मोकळं झाल्यासारखं वाटत होतं. निळी बस गेलीच होती. मग निदान शिक्षक म्हणून तरी वागावं. त्याने टॅबलेट स्वतःकडे घेतला आणि शांतपणे विचारलं,

“दानाई, हे टूथपेस्टवालं कोणाचं आहे?”

“त्रिकाला गावच्या कारखान्याचं.”

“म्हणजे आपल्या स्पर्धकाचं. आणि तुला बघणाऱ्या मुलांना माहीत आहे, तू कोणाची मुलगी आहेस?”

त्रिकालाच्या त्या पेयाला खरंच टूथपेस्टची चव येत होती, आणि आपल्या घरच्या संत्र्यालाही तिने पाचच दिले होते. ती प्रामाणिक होती. पण हे सगळं मनातल्या मनात म्हणत असताना तिला बाबांचं वाक्य ऐकू येत होतं: गरज नाही, पोरं समजून घेतात. तिचे कान लाल झाले.

“पंधरा वर्षांची आहे ती, दाजी,” मेनेलाओस म्हणाला. तो पटकन बोलला होता, आणि बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की ही वयाची गोष्ट सकाळपासून आपण पहिल्यांदाच काढतो आहोत. बाकीच्यांच्याही ते लक्षात आलं होतं.

एवान्थियाने ताटली बाजूला सारली. तिला जे बोलायचं होतं ते फार नव्हतं. अस्त्रापी पेट्रोलपंपावर विकायचं, शाळेच्या आसपासच्या टपऱ्यांवर ठेवायचं नाही, आणि डब्यावर मोठ्यांसाठी असं मोठ्या अक्षरांत छापायचं. झाकणाखालचा खेळ बंद. लिंबूसोड्याची जाहिरात पोरांना जरूर दाखवा, पण पहिलं वाक्य ‘ही जाहिरात आहे’ असंच हवं. क्लिओने संत्र्यातली साखर कमी करून बघावी. यावर क्लिओ काही बोलू पाहत होती, तिला एवान्थियाने केकचा तुकडा दिला.

“आणि वेर्गीनाची बस माझ्याकडून,” ती पांतेलिसला म्हणाली. “तिच्यावर माझं नाव घातलंत तर बघा.”

“पहिलंच वाक्य तसं टाकलं तर कोण बघेल गं आत्या?” मेनेलाओसने विचारलं. त्याला ती अडचण खरीच वाटत होती.

“ते मला काय विचारतोस? घरात माणूस आहे, त्याला विचार.”

मेनेलाओसने गॅलरीत जाऊन अथेन्सला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला असावा, कारण मेनेलाओस नुसता हो हो म्हणत कुंडीतली पिवळी पानं खुडत होता. तो फोन ठेवून वळला तेव्हा दानाई मागे उभी होती.

“मला एक व्हिडिओ काढायचाय,” ती म्हणाली. “आत्ताच. रविवारपर्यंत थांबले तर माझी हिंमत जाईल. फोन धराल?”

“चेहऱ्यासकट?”

“हो. आणि बाबा, मध्ये बोलायचं नाही.”

त्याने फोन धरला. ती कठड्याला टेकली, झुलपं मागे सारली आणि म्हणाली की माझं नाव दानाई. लिंबूसोडा बनवतात ते रिगानास माझ्या घरचे. मी आजवर तुम्हाला सांगितलं नाही आणि त्रिकालाच्या पेयाला तीन दिले. चव मला तशीच लागली होती, पण मी कोण आहे हे कळल्यावर तुम्ही कदाचित वेगळा विचार केला असता, आणि तो करायची संधी तुम्हाला द्यायला हवी होती. आता ज्यांना जायचं त्यांनी जा. एवढं बोलून तिने हात पुढे केला आणि फोन परत मागितला. मेनेलाओसला ते पुन्हा एकदा, जरा उजेडात, काढावंसं वाटत होतं. तो बोलला नाही.

मग तिने व्हिडिओ टाकला आणि दोघं गॅलरीतल्या बाकावर फोन मध्ये धरून बसले. काय होतंय ते बघताना दानाई त्याला सांगत गेली. मुलं बसमध्ये बघतात, आवाज बंद ठेवून. पहिल्या दोन सेकंदांत माणूस फार हसला की समजतात, काहीतरी विकतोय. मोठी माणसं पोरांची भाषा बोलायला लागली की तो व्हिडिओ एकमेकांना पाठवतात, पण टिंगल करायला. मेनेलाओसने विचारलं की मग आपला सोडा विकायचा कसा. दानाई म्हणाली, जाहिरात आहे असं सांगून टाका आणि मग कंटाळा आणू नका. तो विचारात पडला. बारा वर्षांत हे त्याला कोणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

खाली बघणाऱ्यांचे शब्द येऊ लागले होते. एकाने लिहिलं की फसवलंस. एकाने त्रिकालाच्या बाटलीचा फोटो धाडला आणि निघून गेला. तिसऱ्याने विचारलं की मग घरी सोडा फुकट मिळतो का. दानाई ओठ चावत वाचत होती आणि मेनेलाओस तिच्या खांद्याला खांदा लावून तिच्याबरोबर वाचत होता.

मग आल्मिरोच्या कोणा मुलीचे शब्द आले. ‘आम्हाला ईस्टरपासून माहीत आहे. तू जिथे बसून पितेस तिथे मागच्या क्रेटवर रिगानास लिहिलंय. कधी सांगतेस याची वाट बघत होतो सगळे.’ त्याखाली भराभर हसरे चेहरे उमटत गेले. कोणी म्हणालं आम्हीपण, कोणी म्हणालं आमच्या अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं.

दानाईने घाईघाईने एक जुना व्हिडिओ उघडला. हातांच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, लाकडी क्रेट होती. तिच्यावरची अक्षरं इतकी मोठी होती की लपवायची म्हटली असती तरी लपली नसती.

मेनेलाओसने पोरांचा अभ्यास करायचा म्हणून ते सगळे व्हिडिओ पाहिले होते, काही तर चार-चार वेळा. त्याने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग तो हसायला लागला, आणि आतून एवान्थियाने कॉफीसाठी हाक मारली तरी दोघांनाही उठता येईना.